येत्या रविवारचं इतिवृत्त

येत्या रविवारी काय काय होणार आहे हे ईश्वरीला मंगळवारी सकाळी सहालाच कळलं, आणि तेही बाबांच्या अक्षरात. ती पाठकोरे कागद शोधत होती. नायजेरियातली लोकशाही टिकेल की नाही हे तिला चाळीस मिनिटांत ठरवायचं होतं आणि त्यासाठी निदान चार पानं लागणार होती. बाबांच्या टेबलाच्या डाव्या खणात पाठकोरे कागद असतात. त्या दिवशी त्यांच्यावर सोसायटीची इतिवृत्ताची वही ठेवलेली होती. ती बाजूला करताना उघडली, किंवा ईश्वरीने उघडली, यातलं नेमकं काय झालं ते सांगणं कठीण आहे. पान एकशे बारावर लिहिलं होतं की समाधान सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवार दिनांक सव्वीस एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता श्री. रावसाहेब मोहिते यांच्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. पडली. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकवीस तारीख होती. गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर साधकबाधक चर्चा झाली होती. तीनशे चारच्या श्री. अश्विन यांनी खर्चास आक्षेप घेतला होता आणि सचिवांनी समाधानकारक खुलासा केल्यावर तो मागे घेतला होता. अश्विनकाका या क्षणी समोर, तीन मजले खालच्या गॅलरीत दात घासत होते. आपण आक्षेप घेणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं, मागे घेणार आहोत हे तर मुळीच नव्हतं. ओरडून सांगावं का, असं ईश्वरीला क्षणभर वाटलं. मग ती पाचव्या ठरावापाशी आली आणि आपण कागद शोधायला आलो होतो हे विसरली.

'संस्थेचे सचिव श्री. अरविंद सावर्डेकर यांची कन्या कु. ईश्वरी हिने अमेरिकेच्या तौलनिक राजकारण या विषयाच्या प्रगत परीक्षेत कोणत्याही शिकवणीशिवाय, केवळ स्वयंअध्ययनाने उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल ही सभा तिचे हार्दिक अभिनंदन करीत आहे. टाळ्यांच्या गजरात मंजूर.'

परीक्षा मे महिन्यात होती. निकाल जुलैत. आणि ईश्वरी त्या परीक्षेला बसणारच नव्हती, कारण तिचा फॉर्म भरलेला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या बेलापुरात फक्त तिला ठाऊक होती.

बाबा खोटं लिहीत नसत, हे आधी समजून घेतलं पाहिजे. ते वेळेआधी लिहीत. सभेत लोक बोलतात तेव्हा लिहायचं राहतं आणि लिहायला बसलं की बोलणं निसटतं. त्यापेक्षा आधी शांतपणे लिहून घ्यावं आणि मग सभा त्याबरहुकूम चालवावी, असा त्यांचा चौदा वर्षांचा अनुभव होता. चौदा वर्षांत सभेने त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. वहीत एकही खाडाखोड नव्हती. आणि इतिवृत्त कायम व्हायचं ते पुढच्या सभेत, म्हणजे सप्टेंबरात. तोवर ईश्वरीचा निकाल लागून जुना झालेला असणार. हिशेबात चूक कुठे काढणार? ईश्वरीच्या पुस्तकात अशा राजवटींवर एक अख्खा धडा होता, जिथे निवडणुका नियमित होतात, लोक रांगा लावून मतं देतात आणि निकाल सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो. तो धडा वाचताना तिला प्रत्येक वेळी बाबांचं स्वच्छ, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर दिसायचं आणि माया दाटून यायची. परीक्षकांना असं उत्तर चाललं नसतं. पण परीक्षक होतेच कुठे?

चौदा नोव्हेंबर. बालदिन. तिच्या कॉलेजात हा विषय या तऱ्हेने कुणी शिकवत नव्हतं, त्यामुळे मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेला विनंती करायची, त्यांनी बाहेरची विद्यार्थिनी म्हणून नाव घालायचं, आणि त्याची शेवटची तारीख ती होती. सगळं तयार होतं. फक्त फोटोत तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. बाबांनी फोटो चष्मा वर करून पाहिला, चष्मा खाली करून पाहिला. "अगं, अमेरिकेला पाठवायचाय. तिथे पोचल्यावर तरी जागी वाटायला हवीस ना तू? उद्या स्टुडिओत जाऊ." ती म्हणाली, "आज शेवटची तारीख आहे, बाबा." त्यावर ते हसले, तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस हसतो तसे, समजुतीने. "शेवटची तारीख म्हणजे पहिली शेवटची तारीख. मग मुदतवाढ. मग अंतिम मुदतवाढ. तुझ्या अकरावीला किती वेळा वाढली? घाईत भरलेला फॉर्म हा चुकलेला फॉर्म असतो." आणि हे काही त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर 'मुदतीनंतर प्राप्त' असा एक रबरी शिक्का होता आणि तो अजून नवाकोरा होता, कारण मुदत संपेपर्यंत ती वाढलेली असायची. दुसऱ्या दिवशीचा फोटो उत्तम आला. डोळे टक्क उघडे, जरा जास्तच. कुणीतरी पाठीमागून हाक मारल्यासारखे. सोळा तारखेला तिने अर्ज पाठवला आणि सतराला चार ओळींचं अतिशय सभ्य उत्तर आलं. त्या शाळेने मुदत वाढवली नव्हती. ईश्वरीला आधी हा त्यांचा विसराळूपणा वाटला. डिसेंबर अर्धा होईपर्यंत ती रोज सकाळी त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघत असे, की आज तरी त्यांच्या लक्षात आलं असेल. मग एका सकाळी तिला आपोआप समजलं की जगात अशीही माणसं आहेत जी तारीख लिहितात तेव्हा त्यांना ती तारीखच म्हणायची असते. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. पुढच्या वर्षी देऊन उपयोग नव्हता, कारण तिकडच्या विद्यापीठांना अर्ज मेच्या परीक्षेनंतर लगेच येणाऱ्या डिसेंबरात जायचे होते आणि गुण त्याआधी हातात हवे होते. म्हणजे गेलं ते गेलं.

उत्तर आलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सतरा नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाबा सहा रंगांच्या सहा फायली घेऊन आले. इंग्लंड निळी, रशिया लाल, चीनही लाल हवी होती पण दुकानात एकच लाल होती म्हणून चीन गुलाबी, मेक्सिको हिरवी, इराण पिवळी आणि नायजेरियाला उरलेली, करडी. परीक्षेला हे सहाच देश असतात हे कळल्यावर त्यांनी बाकीच्या जगातून लक्ष काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते साडेपाचला तिला उठवायला लागले, दार न वाजवता, नुसतं दाराशी उभं राहून "नायजेरिया" असं म्हणून. ती उठायची. पाणी पिऊन टेबलाशी बसायची. पारसिकचा डोंगर खिडकीत हळूहळू काळ्याचा राखाडी व्हायचा आणि स्वयंपाकघरात चहात आलं ठेचल्याचा ठक ठक आवाज यायचा, आणि ती एका न होणाऱ्या परीक्षेचा अभ्यास करायची. सुरुवातीला नुसतं पुस्तक उघडून बसायची. पण सतरा वर्षांच्या मुलीला उघड्या पुस्तकासमोर दोन तास न वाचता बसणं जमत नाही. डोळे आपसूक ओळीवर जातात. राज्य वेगळं, राजवट वेगळी, सरकार वेगळं, हे तिला ज्या सकाळी खऱ्या अर्थाने उमगलं त्या सकाळी तिच्या हातावर काटा आला होता. राज्य म्हणजे त्यांचा सहाशे दोन नंबरचा फ्लॅट. राजवट म्हणजे तो आईच्या नावावर आहे ही गोष्ट. आणि सरकार म्हणजे बाबा, जे सहसभासद म्हणून निवडून येतात आणि कारभार करतात. ती जुने प्रश्न वेळ लावून सोडवायची, स्वतःच तपासायची, स्वतःला पाचपैकी चार द्यायची, मग स्वतःकडेच दाद मागायची आणि ती फेटाळायची. फेब्रुवारीपर्यंत तिला सहाही देशांत एकटं सोडलं असतं तरी ती कारभारातून वाट काढत घरी आली असती. हे सगळं आपल्याला आवडतंय ही गोष्ट तिला चोरी केल्यासारखी वाटायची. परीक्षा असती तर तो अभ्यास झाला असता. परीक्षा नाही म्हणजे हे नक्की काय होतं, व्यसन?

आणि बाबांना सांगायचं तर काय सांगायचं? फॉर्म राहिला, एवढंच सांगून भागणार नव्हतं. ते विचारणार, कसा राहिला. त्यांना तो फोटो आठवत नव्हता, ते वाक्य आठवत नव्हतं, याची तिला खात्री होती. असली वाक्यं ते दिवसातून चारदा बोलत. तिने सांगितलं की त्यांना आठवेल. तीस वर्षं ज्या एका गोष्टीवर ते विसंबून राहिले ती त्यांच्याच मुलीच्या वेळी मोडली, हे त्यांना कळेल. तिला ते व्हायला नको होतं. पण त्या नको असण्याच्या आत दुसरंही एक होतं, लहान आणि कडक, चिंचोक्यासारखं. तुम्ही 'मुदत वाढते' म्हणालात. तुमच्यामुळे. हा चिंचोका तिने कुणाला दाखवला नव्हता. राग नक्की कुणावर, हा प्रश्न तिने वैकल्पिक धरून सोडून दिला होता.

बुधवारी तिने सांगायचं ठरवलं, तर बाबांनी वर्तमानपत्रातलं इराणचं कात्रण तिच्यापुढे ठेवलं आणि ते पिवळ्या फायलीत लावेपर्यंत उभे राहिले. गुरुवारी ते खालच्या भाजीवाल्याला घेऊन बसले होते. शुक्रवारी तिला वाटलं पान एकशे बारा फाडून टाकावं. पण पानांना क्रमांक असतात आणि एकशे अकरानंतर एकशे तेरा आलं की चौकशी होते, हे शिक्षण घरातलंच. शनिवारी दुपारी आई, म्हणजे जयमाला, वाशीच्या दाताच्या दवाखान्यातून लवकर आली आणि मटार सोलायला बसली. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या डॉक्टरच्या रिसेप्शनवर बसून तिला माणसाच्या मिटलेल्या तोंडातलं ओळखू यायला लागलं होतं.

"काय गं, दाढ दुखते का?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंयस? टेन्शन?"

"थोडं."

"परीक्षा तू देतेयस की तुझे बाबा? परवा त्या भाजीवाल्याला मेक्सिको समजावत होते. त्याने कंटाळून कोथिंबीर फुकट दिली." तिने एक शेंग चिमटीत दाबून फोडली. "त्यांना काही सांगायचं असेल ना, तर एकटं गाठून सांग. चार लोकांत सांगितलंस तर ते सचिव होतात."

तिला किती कळलंय हे समजायला मार्ग नव्हता. मटार चांगले निघाले होते.

रविवारी पावणेदहाला ईश्वरी बाबांबरोबर खाली सभागृहात गेली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींत गच्च बसल्या होत्या. एक ओढली की तीन येत. बाबांनी बारा-बाराच्या चार रांगा लावल्या, टेबलावर वही ठेवली, वहीवर पेन. पंखा सुरू केला तर तो आधी जरा विचार करून फिरला. दहा वाजले तेव्हा सभागृहात ते दोघेच होते. बाबा उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि अठ्ठेचाळीस रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा याच ठिकाणी साडेदहा वाजता होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." मग बसले. हे दर वेळी व्हायचं. दहाची सभा साडेदहाला असते हे बिल्डिंगमधल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण तहकूब केल्याशिवाय साडेदहाची सभा कायदेशीर होत नाही, आणि तहकूब करायला कुणीतरी दहाला हजर लागतंच. चौदा वर्षं बाबा हा अर्धा तास एकटे बसत आले होते. ईश्वरीने हे पहिल्यांदाच पाहिलं. तिला एकदम वाटलं की जगातली सगळी सरकारं रविवारी सकाळी दहाला अशी बसलेली असतील, शर्ट खाली ओढून. तळहात ओले झाले होते. तिने ते खुर्चीच्या दांड्यांना पुसले. प्लास्टिक घाम घेत नाही.

"बाबा, पाचवा ठराव काढा."

"वाचलास?" ते रागवायच्या बेतात होते, पण आनंद आधी बाहेर आला. "सभेपूर्वी वाचायचं नसतं ते. बरा उतरलाय ना? 'उज्ज्वल' की 'देदीप्यमान' यावर माझं अडलं होतं."

"मी बसत नाहीये परीक्षेला."

"घाबरलीस."

"नाही."

"तयारी झाली नाही? अजून दहा-बारा दिवस आहेत गं, रशिया जरा कच्चा आहे, मला माहितेय—"

"सगळं झालंय. रशियापण झालाय. फॉर्मच भरला गेला नाही, बाबा. मुदत संपली होती."

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं बाकीच्यांहून किंचित जड असावं. दर फेरीला एक अडखळ यायची, आणि ईश्वरी त्या अडखळी मोजत होती. सोळा झाल्या. बाबा वहीकडे बघत होते, न उघडलेल्या.

"तारीख कधी होती?"

"चौदा नोव्हेंबर."

"वार?"

"शुक्रवार."

"पंधराला आपण स्टुडिओत गेलो होतो." ते हे तिला सांगत नव्हते. मनातल्या मनात फायलीची पानं उलटत होते. "म्हणजे चौदाला तू मला फोटो दाखवलास. तेव्हा तू म्हणालीस की आज शेवटची आहे. आणि मी काय म्हणालो?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं, पाच महिने तिथेच होतं, आणि आता ते उच्चारायला कुणाचीही हरकत नव्हती. "आठवत नाही," ती म्हणाली.

"मला आठवतंय," बाबा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्याला काही झालं नाही. फक्त ते एकदम खुर्चीपेक्षा लहान दिसायला लागले. म्हणाले, "मग रोज साडेपाचला उठून तू काय करत होतीस?"

"अभ्यास."

"माझ्यासाठी?"

"आधी तुमच्यासाठी. मग आवडायला लागला."

हे त्यांना पटायला वेळ लागला. ज्याचा फॉर्म नाही, ज्याला क्रमांक नाही, ज्याचा निकाल लागणार नाही, असं काही कुणी रोज पहाटे करत असेल हे त्यांच्या कुठल्याच फायलीत बसत नव्हतं. घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. ते वळून बसले, कचेरीत साहेबासमोर बसावं तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"तुझ्या त्या सहा देशांत, कारभार बघणाऱ्याचंच चुकलं तर काय करतात?"

तिला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते. तिने घसा साफ केला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची तोंडी परीक्षा घेतली. इंग्लंडात लोक ओरडतात आणि मग माणूस दारासमोर उभा राहून राजीनामा देतो, ती म्हणाली. मेक्सिकोत अध्यक्षाला सहा वर्षं मिळतात, चुका धरून. पुन्हा उभं राहता येत नाही. चीनमध्ये चूक झाली होती का, हे पक्ष सवडीने ठरवतो. रशियात चूक खालच्याची असते. नायजेरियात उत्तर आणि दक्षिण आलटून पालटून येतात, त्यामुळे पुढच्याची पाळी येईपर्यंत धीर धरतात. इराणमध्ये निवडून आलेल्याच्या वर आणखी एक जण असतो, त्याचं मत महत्त्वाचं.

"आपल्यात वर कोण?"

"आई."

"तिला माहितेय?"

"माहीत नाही, बाबा. आईचं काही सांगता येत नाही."

ते हसले नाहीत. तीही हसली नाही. पण त्यांनी पुढे विचारलं, इंग्लंडात राजीनामा कुणाकडे देतात, तोंडी चालतो की लेखी. आणि ती सांगत राहिली, हात हलवत, भरभर, सगळं आठवत होतं, एक शब्दही शोधावा लागत नव्हता. साडेदहाला पायऱ्यांवर चपला वाजल्या. रावसाहेब मोहिते घडी केलेलं वर्तमानपत्र काखेत धरून आले, त्यांच्यामागे अश्विनकाका, मग दहा मिनिटांत सगळेच. आई शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. ईश्वरी सभासद नव्हती, ती भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीवर गेली.

बाबांनी वही उघडली, पान एकशे बारा काढलं आणि पाचव्या ठरावावर एक आडवी रेघ मारली. पेनचा आवाज मागपर्यंत आला. शेजारी सही केली. मग म्हणाले, "टाकीचा विषय घेण्यापूर्वी. मी सचिवपदाचा राजीनामा देत आहे. माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे माझ्या मुलीची परीक्षा बुडाली. मी तिला सांगितलं मुदत वाढेल. वाढली नाही."

सभागृहात कुणाला काही समजलं नाही. अश्विनकाका म्हणाले, "अहो सावर्डेकर, पण मुलीच्या फॉर्मचा आणि टाकीचा संबंध काय?"

"सल्ला देणं सचिवाचं काम आहे. मी चुकीचा दिला."

"तो घरातला सल्ला झाला हो!"

"घर सोसायटीतच आहे," बाबा म्हणाले.

रावसाहेबांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडत होतं आणि ते भयंकर होतं. "थांबा. म्हणजे आता नवा सचिव निवडायचा? आज?" एकदम अठ्ठेचाळीस खुर्च्यांवरची माणसं फरशी बघायला लागली. कुणी चपलेचा पट्टा सरळ केला, कुणाला फोन आला. "ठीक आहे," रावसाहेब घाईघाईने म्हणाले, "राजीनामा फेटाळण्याच्या बाजूचे, हात वर करा." चौदा वर्षांत इतके हात इतक्या वेगाने वर गेले नव्हते. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर दोन्ही केले. आईनेही केला, मागे वळून न बघता.

बाबा मोजत होते. पेनच्या टोकाने, रांगेवार, ओठ हलवत. पण पहिली रांग झाल्यावर त्यांची नजर निसटली आणि सगळ्या हातांच्या वरून मागे भिंतीशी आली, आणि तिथे थांबली. ते काही मागत नव्हते. वर्गात आपलं नाव पुकारलं जाईल की नाही याची वाट बघणाऱ्या मुलासारखे नुसते बघत होते. ईश्वरीच्या आत तो चिंचोका होता तिथेच होता. तो विरघळला वगैरे काही नाही. तिने त्याला चाचपून पाहिलं, चांगला टणक होता, बरीच वर्षं टिकेल असा. आपण हात वर केला नाही तरी काही बिघडत नाही, मत नाहीच आपल्याला, हे तिला नीट माहीत होतं. तिने हात वर केला. अर्धा नाही, पुरता, कोपर ताठ करून, खांद्यात कळ येईपर्यंत.

"मंजूर, मंजूर, म्हणजे नामंजूर," रावसाहेब म्हणाले. हात भराभर खाली आले, खुर्च्या करकरल्या, कुणीतरी टाकीचं काढलं. जयमालाने मान वळवून पाहिलं. "अगं, झालं मोजून. हात खाली घे."

ईश्वरीने घेतला नाही. बाबांचं अजून मोजून झालेलं नव्हतं.